आजीचा जबाब लिहून घ्या
(पाली, जि. बीड इथल्या बैठकीत केलेलं भाषण)

 

मला सांगितलंय, बायकांच्या लिहिण्यावर बोल. मी बारावी शिकलेली, पुस्तकं काही फार वाचली नाहीत. पण जमिनीच्या दाव्याचे कागद लय लिहिलेत, म्हणून त्यातलंच सांगते.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात होती, हे दाखवावं लागतं. सातबारा आपल्याकडं नाही. दंडाच्या पावत्या कुणाच्या पावसात भिजल्या, कुणाच्या उंदरानं खाल्ल्या. पण नियम १३ मध्ये आणखी एक पुरावा चालतो : म्हाताऱ्या माणसाचा जबाब, लिहून घेतलेला. तो दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्याचा पाहिजे. अन् एकट्या जबाबावर भागत नाही, जोडीला बांध, झोपडी, विहीर असं काही दाखवावं लागतं.

आमच्या गावात पहिल्यांदा जबाब घेतले ते सगळे पुरुषांचे. "बापजाद्यापासून कसतात." सगळ्या कागदांवर हेच एक वाक्य, एकानं सांगितलं अन् बाकीच्यांनी उतरवलं. दावे परत आले.

मग मी शेजारच्या आजीजवळ वही घेऊन बसले. ती म्हणली, "मला काय इचारती, मी अंगठेवाली." मी म्हटलं, आजी, त्या वावरातला दगडाचा बांध कुणी घातला? मग ती थांबेचना. बहात्तरच्या दुष्काळात दिवसा खडी फोडायला जायचं अन् रात्री चांदण्यात धोंडे वाहायचे. कोण कोण होतं, त्यातलं आज कोण जिवंत आहे. कुणाचं लेकरू त्याच वावरात जन्मलं, नाळ कुठल्या बाभळीखाली पुरली. वरचा झरा आधी चैतापर्यंत वाहायचा, वरची झाडं तुटल्यावर संक्रांतीलाच आटायला लागला. चार पानं भरली. पाहणीला माणसं आली तेव्हा पानं वाचत वाचत आम्ही त्यांना बांधावर नेलं.

झऱ्याचं पान मी वेगळं ठेवलं. ते सामूहिक दाव्याला लागतं. तो हक्क मिळाला की जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला येतो. मग कुठं काय होतं अन् काय गेलं, हे कुणाला ठाऊक? सरपण, पाणी, सीताफळं आणणाऱ्या बाईलाच.

हे काही आपण नवीन करत नाही. पुण्यात फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. तिनं १८५५ साली निबंध लिहिला, 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्हाला आमच्या जमिनीवरून हाकललं अन् तिथं इमारती उठवल्या, हे तिनं तेव्हा लिहिलंय. आपल्यातल्या नजूबाई गावित धुळे-नंदुरबारकडं जमिनीच्या लढ्यात राबल्या अन् 'तृष्णा' ही कादंबरीही लिहिली. मोर्चा अन् लिहिणं, दोन्ही एकाच बाईनं केलं.

आता पुरुषांनी रागावू नये. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, असं कायद्यातच आहे. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. आमच्याकडं त्यांची नावं होती, पण बैठकीत त्या चहा करत होत्या. (हसू नका, तुमच्याकडं पण असंच असणार.)

जेवण झाल्यावर लिंबाखाली बसू. वह्या मी आणल्यात. ज्यांना लिहिता येतं त्या पोरींनी एकेका म्हातारीजवळ बसायचं. ती बोलते तसंच लिहायचं, शुद्ध करत बसू नका. लिहून झालं की तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.