बांधावरचे सोयरे



कान नदीच्या काठी, साक्रीकडच्या एखाद्या मळ्यात घरचे बी धरून वांगी लावली आहेत असे समजा. भरिताचे वाण, आजीच्या काळापासून जपलेले. एखाद्या साली त्यात दोनचार झाडे निराळीच निघतात. काटे दाट, फळ बारीक आणि चव कडू. घरधनी म्हणतो, बियाणे बिघडले. शेजारी म्हणतो, जमीन बिघडली. खरा कर्ता कदाचित बांधावर उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहातच नाही.

तो म्हणजे काटेरी रानवांगे. फळ लहान, गोल, पिकल्यावर पिवळे. शास्त्रज्ञ त्याला सोलॅनम इन्सॅनम म्हणतात, आणि आपले वांगे याच्यापासूनच माणसाने निवडून निवडून घडविले असे मानतात. जमिनीवर पसरणारी भुईरिंगणी ती वेगळी बरे का! तिचे नाते लांबचे. रानवांगे मात्र जवळच्या भाऊबंदांतले. दोघांचा संकर होतो आणि त्याचे बी उगवतेही.

हा संकर जुळवतो कोण? भुंगा. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक भोक असते. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. तो अंगावर घेऊन भुंगा बांधावरून मळ्यात येतो. वांगे बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. तरी थोडी देवघेव होतेच. त्या साली फळाची चव काही बदलत नाही. फळ आईचे, आतल्या बियांत मात्र बापाचाही वाटा. म्हणून कडूपणा कळतो तो पुढच्या साली.

मग रानवांगी झाडून सारी उपटायची काय? थांबा. भेंडीची पाने पिवळी पाडणारा हळद्या रोग आपल्याला ठाऊक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा तिच्या रानटी गोतातल्या जातीशी संकर केला, आणि पुन्हा पुन्हा भेंडीशीच जुळवून नको ते गुण गाळले. त्यातून १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे रोगाला दाद न देणारे वाण निघाले. घराला नडणारा सोयरा असा कधी घर तारतोही.

याच देवघेवीची दुसरी बाजू बीटी वांग्याच्या वेळी पुढे आली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. आपला देश वांग्याच्या विविधतेचे माहेर आहे, हा त्या चर्चेतला एक मुद्दा होता. नवा गुण एकदा रानात गेला, की त्याला हाक मारून परत आणता येत नाही.

तेव्हा करायचे एवढेच. बियाण्यासाठी मळ्याच्या मधली, बांधापासून दूरची निरोगी झाडे धरा. कळी उमलण्याआधी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी सोडून देठाला दोरा बांधा, म्हणजे ते फळ चुकून बाजारात जाणार नाही. ते झाडावरच पूर्ण पिवळे होऊ द्या. बी धुऊन सावलीत वाळवा. मात्र विकतच्या संकरित वाणाचे बी धरू नका. ते पिशवी बांधूनही जसेच्या तसे उतरत नाही.

आणि गुरुजी, मुलांना एकदा बांधावर न्या. रानवांगे दाखवा, पण उपटू देऊ नका. मळ्याजवळचे असेल तर त्याची फुले खुडावीत. दूर पडीत रानात असेल तर त्याला सुखाने राहू द्यावे. उद्या एखादा नवा रोग आला, तर त्याच्याच दारी जावे लागेल.