गाडी पेट्रोल जास्त का खाते?



आमच्या बचत गटाकडे कार्बोरेटरची जुनी मारुती व्हॅन आहे. बिबडे, पापड, केळीचे वेफर्स घेऊन आम्ही तिनेच जळगाव-धुळ्याच्या बाजाराला जातो. उन्हाळ्यात ती पेट्रोल फार खाऊ लागली, तापूही लागली. एक मिस्तरी म्हणाले, इंजिन खोलावं लागेल. खर्च ऐकून बैठकीत सगळ्या गप्प. दुसऱ्या मिस्तरींनी पुढची सीट उचलली आणि बोटाएवढी रबरी नळी दाखवली. ती तडकली होती. नळी बदलली, टायमिंग तपासलं, गाडी ताळ्यावर आली.

एवढीशी नळी करते काय? जळण ओलसर असलं की आपण चूल थोडी आधी पेटवतो, म्हणजे भाकरीच्या वेळेला तवा तापलेला असतो. इंजिनाचंही तसंच. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी चालवली, की इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण कमी जातं, ते सावकाश जळतं. म्हणून ठिणगी आधी पडायला हवी. त्या वेळी इंजिनाची ओढ जोरात असते. ती नळीतून डिस्ट्रिब्युटरच्या डबीतला पडदा ओढते आणि ठिणगी लवकर पडते. यालाच व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स म्हणतात.

कन्नडचा घाट चढताना पाय पूर्ण दाबला, की ओढ कमी होते. स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते, ठिणगी उशिरा पडते. तशी पडली नाही तर इंजिन ठकठक वाजतं.

नळी तडकली किंवा पडदा फाटला, तर सपाट रस्त्यावरही ठिणगी उशिराच पडते. पेट्रोल उशिरा जळतं, ताकद वाया जाते, इंजिन तापतं. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, म्हणून उन्हाळ्याआधी नळी बघायचीच.

इंजिन बंद आणि गार असताना नळी वाकवून बघा, चिरा दिसतील. पडद्याची तपासणी मिस्तरींकडून करून घ्या: डबीला स्वच्छ नळी लावून ओढ दिली, की ती टिकली पाहिजे. हवा येतच राहिली, तर पडदा फाटलाय.

नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो, तिथे ही नळी शोधू नका. पण गाडी जुनी असेल आणि कोणी "इंजिन खोला" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी एवढं विचारा: "दादा, व्हॅक्यूमची नळी पाहिली का?"

गटाचा पैसा एकेका बाईच्या बचतीतून जमतो. तो विचारूनच खर्च करू या.