अपस्मार : झाकून ठेवलेला आजार



ज्याला वैद्यकशास्त्र अपस्मार म्हणते आणि भंडारा जिल्ह्यात लोक मिरगी म्हणतात, तो मेंदूतील विद्युत्संदेशांचा काही क्षणांचा गोंधळ होय. ती बाहेरची बाधा नव्हे, संसर्गही नव्हे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही रुग्ण ही घरातील मुलगी असली, की गोळ्यांची पट्टी धान्याच्या डब्यामागे जाते.

या लपवणुकीचे मूळ विवाहाच्या चिंतेत आहे. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले गेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. कायदा बदलला, बैठकीतली कुजबुज मात्र तशीच राहिली. सोयरीक ठरविताना जिचा आजार सांगितला नाही, ती मुलगी सासरी गोळी कोणासमोर घेणार? ती गोळी चुकविते आणि झटका नेमका सासरी येतो. शिवाय लपविलेली गोष्ट न्यायालयात फसवणूक म्हणून उभी राहू शकते, ते वेगळेच.

पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी हा आजार स्वतः सोसला. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर त्या झटक्यांतून मुक्त झाल्या. पुढे त्यांनी ‘संवेदना फाउंडेशन’तर्फे अपस्मारग्रस्तांचा आधारगट उभारला, आजार उघड सांगून विवाह जुळविण्याचे कार्यही हाती घेतले. असा गट भंडाऱ्यात उभा राहिल्यास नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे एकट्याने खेटे घालणाऱ्या कुटुंबाला सोबत मिळेल.

पर्युषणात विशेष सावध राहावे. चौविहारामुळे रात्रीची गोळी राहते, उपवासात दोन्ही वेळची राहते. औषध एकाएकी तुटले की झटक्याचा धोका वाढतो. भक्तीचे जागरणही रुग्णाला मानवत नाही. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत, हे व्रत घेणारे पुष्कळदा विसरतात. तेव्हा गुरुमहाराजांना आजार सांगावा आणि गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बसवून घ्याव्यात.

झटका आल्यास कांदा किंवा जोडा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.