बत्तीस तुकड्यांचें चरित्र

थोर गवयाचें किंवा वादकाचें चरित्र बोलपटांत पाहूं गेलें असतां बहुधा ठराविक क्रम आढळतो : बालपणींचे कष्ट, गुरुकृपा, पहिली मैफल, टाळ्यांचा कडकडाट आणि अखेर मृत्युशय्या. कॅनडांतील दिग्दर्शक फ्रान्स्वा झिरार यांचा १९९३ सालचा ‘थर्टी टू शॉर्ट फिल्म्स अबाउट ग्लेन गूल्ड’ हा बोलपट त्या वाटेला जातच नाहीं. पियानोवादक गूल्ड यांचें आयुष्य त्यांत बत्तीस सुट्या तुकड्यांनीं दाखविलें आहे.

बत्तीसच कां? बाख या जर्मन रचनाकाराच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या कृतींत आरंभीं एक धून, मग तिचे तीस विस्तार आणि शेवटीं पुन्हा तीच धून येते. गूल्ड यांना कीर्ति मिळाली ती १९५५ सालीं हीच कृति ध्वनिमुद्रित करून. १९८१ सालीं त्यांनीं ती पुन्हा वाजविली, आणि पुढल्याच वर्षीं, पन्नाशी पुरी होऊन नऊ दिवस झाले असतां, ते वारले.

या बोलपटांत कोल्म फिओर हा नट गूल्ड झाला आहे. पण तो पियानो वाजवितांना एकदांहि दिसत नाहीं! एका तुकड्यांत वाद्याच्या पोटांतील हातोड्या तारांवर पडतांना दिसतात, वादक दिसत नाहीं. हा लहरीपणा नव्हे. गूल्ड यांनीं १९६४ सालीं, अवघें एकतीस वर्षांचें वय असतां, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या व ध्वनिमुद्रणगृह जवळ केलें. ज्यानें प्रेक्षकांची नजर नाकारली, त्याला पडद्यावर पुन्हा तिच्यापुढें बसविणें हा अन्यायच झाला असता.

त्याऐवजीं हॅम्बुर्गच्या हॉटेलांत ते मोलकरणीला थांबवून आपली नवी तबकडी ऐकवितात. ती आधीं अवघडते, मग ऐकूं लागते. दुसरीकडे मालमोटारवाल्यांच्या उपाहारगृहांत ते एकटे बसून चहूंकडचीं बोलणीं निरनिराळ्या स्वरांसारखीं ऐकतात. नभोवाणीच्या श्रोत्यांना यांतील मर्म सहज कळेल. कारण १९६७ सालीं ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ या नभोवाणी-कार्यक्रमांत गूल्ड यांनीं माणसांचे आवाज असेच एकमेकांत गुंफले होते. एखाददोन तुकडे मात्र आंकडा भरण्यासाठींच घातले असावेत, अशी शंका येते.

अखेरीस ‘व्हॉयेजर’ यान येतें. १९७७ सालीं त्याच्याबरोबर धाडलेल्या तबकडींत गूल्ड यांनीं वाजविलेला बाख आहे. त्याच तबकडींत गोमंतकाच्या केसरबाई केरकरांची भैरवीहि आहे. बोलपट तिचा उल्लेख करीत नाहीं, पण मराठी प्रेक्षकाला ती आठवल्यावांचून राहत नाहीं.