अक्षरांची मोजदाद

जुन्या संस्कृत हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्कळदा ग्रंथसंख्या नोंदलेली आढळते. येथे ग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हे. 32 अक्षरांचे ते एक माप होय. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात आठ-आठ अक्षरांचे चार चरण असतात. त्यावरून हे माप रूढ झाले आणि पुढे गद्यालाही लावले गेले. जोडाक्षर कितीही अवघड असो, मोजताना ते एकच धरावयाचे, याविषयी लेखनिकाच्या मनात संदेह नसे.

आज ही मोजदाद संगणकाकडे आली आहे. युनिक्स प्रणालीत त्यासाठी ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा 1971 पासून आहे. आणि 1995 साली जाहीर झालेली जावा भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही फाइलमधील ओळी, शब्द व अक्षरे मोजण्याचा अभ्यास बहुधा आरंभीच दिला जातो. रीत सोपी आहे. तीन गणक शून्यावर ठेवावयाचे आणि ‘बफर्डरीडर’कडून एकेक ओळ मागवीत जावयाचे. ओळ मिळाली की पहिला गणक एकाने वाढतो. मोकळ्या जागांवर ओळ तोडून जे तुकडे पडतात, त्यांनी दुसरा. आणि ओळीच्या लांबीने तिसरा. ओळी संपल्या की ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असे उत्तर येते व काम थांबते.

तथापि या सोपेपणातही खाचखळगे आहेत. रिकामी ओळ तोडली असता जावा एक रिकामा तुकडा हाती देते, आणि तो शब्द म्हणून गणला जातो. म्हणून ओळ रिकामी आहे किंवा काय, हे आधी पाहावे लागते. ओळ वाचताना तिच्या शेवटची खूण गळून पडते, त्यामुळे अक्षरसंख्या तेवढी कमी भरते. उलट, डब्ल्यूसी ही आज्ञा ओळी न मोजता त्या खुणाच मोजते; अखेरच्या ओळीपुढे खूण नसल्यास तिची संख्या जावाच्या संख्येहून एकाने कमी येते.

खरी अडचण पुढेच आहे. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात क्ष, त्रि, य अशी 3 अक्षरे आहेत. जावाला मात्र 8 दिसतात. कारण क, ष, त, र, य हे पाच वर्ण, दोन हलन्तचिन्हे आणि एक वेलांटी यांना युनिकोड या संकेतव्यवस्थेत स्वतंत्र स्थाने आहेत. यूटीएफ-8 पद्धतीने साठविताना यांतील प्रत्येकाला 3 बाइट लागतात. म्हणून तीच फाइल लॅटिन लिपीच्या एकबाइटी संकेताने वाचली, तर संख्या 24 होते! हा घोळ टाळण्यासाठी वाचतानाच यूटीएफ-8 चा उल्लेख करावा. 2022 च्या जावा 18 पासून तोच गृहीत धरला जातो.

या भेदाची झळ व्यवहारातही लागते. मोबाइलवरील साध्या लघुसंदेशात इंग्रजीची 160 चिन्हे मावतात, तर देवनागरीची सामान्यतः 70. आणि त्या सत्तरांत ‘क्षत्रिय’ आठ जागा अडवितो. निबंधाला अक्षरमर्यादा घातली, तर मराठी लिहिणाऱ्याची मर्यादा त्याला वाटते त्याहून फार आधी संपते.

यावर उपाय आहेत. वाचकाला एक वाटणारी चिन्हे एकत्र धरण्यासाठी जावात ‘ब्रेकइटरेटर’ची सोय आहे. युनिकोडच्या पूर्वीच्या नियमांनी मात्र जोडाक्षर हलन्तापाशी तुटे व ‘क्षत्रिय’ 5 भरे. 2023 च्या 15.1 या आवृत्तीने देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम घातला, तेव्हा कोठे 3 ही संख्या यंत्राच्या नियमांत बसली.

म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्याने प्रथम काय मोजावयाचे ते ठरवावे. साठवणुकीची जागा हवी असेल तर बाइट मोजावेत, संकेतचिन्हे हवी असतील तर ती मोजावीत. परंतु ज्या संख्येपुढे ‘अक्षरे’ असे छापावयाचे, ती जुन्या लेखनिकाच्या मोजणीशी जुळलीच पाहिजे.