एका चुलीचे पथ्य

घरातील एखाद्या माणसाला मधुमेह जडला, की पुष्कळ घरांत एक ठरावीक व्यवस्था होते. त्याचे ताट निराळे पडते. त्याच्या ताटात भाकरी आणि दुधीची भाजी. इतरांच्या ताटांत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. डॉक्टरांनी सांगितलेले चालणे त्याने एकट्याने चालावयाचे आणि घरच्यांनी त्याला त्याची आठवण करून द्यावयाची. काही आठवड्यांनी भाकरी मागे पडते, चालणे थांबते आणि सारा दोष त्याच्या दुबळ्या मनोनिग्रहावर जातो. वस्तुतः दोष मनोनिग्रहाचा नसतो. एका घरात दोन चुली मांडल्याचा असतो.

हा प्रश्न आता चार घरांपुरता राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाने ग्रस्त असलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. भारतीय माणूस वरवर कृश दिसला, तरी त्याच्या पोटाभोवती मेद साठलेला असू शकतो. म्हणूनच पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. शिवाय हा वारसा केवळ रक्तातून येत नाही, ताटातूनही येतो. नातवाला आजोबांचे नाक मिळते, तशीच जेवून उठता उठता पुन्हा भात वाढून घेण्याची त्यांची सवयही मिळते.

या बाबतीत औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण स्मरणीय आहे. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीने पाश्चात्त्य व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९५१ साली निधन पावले, तोपर्यंत त्या व्यायामाचे पुरस्कर्ते राहिले. त्यांनी तो आपल्या संस्थानातील शाळांत सुरू केला, परंतु त्याआधी स्वतःच्या अंगवळणी पाडला. राजवाड्यातील स्त्रिया आणि मुलेही नमस्कार घालीत. १९३८ साली लंडनहून निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात व्यायामाबरोबर आहाराचाही विचार आहे. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांनी पुढे राजनैतिक सेवेत देशोदेशी वास्तव्य केले. तथापि १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारांवरच पुस्तक लिहिले. वडिलांची आज्ञा मुलगा विसरू शकतो. वडिलांबरोबर केलेली गोष्ट सहसा विसरत नाही.

सामान्य कुटुंबाला राजवाड्याची गरज नाही. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे आणि मुलांनी रोज सरासरी एक तास अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून अर्धा तास चालण्याने त्याचा चांगला आरंभ होतो. माणशी दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे आणि त्यात लोणचे व पापडही मोजावेत. महिन्याचे तेल एकदाच मोजून आणावे. ज्वारी, बाजरी, नाचणी ही आजाऱ्याची शिक्षा न होता सर्वांची भाकरी व्हावी. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

तरीही एक माणूस या साऱ्यातून सुटण्याचा संभव असतो आणि ती म्हणजे घरची गृहिणी. ती सर्वांच्या मागून जेवते, उरलेले वाया जाऊ नये म्हणून भूक नसताना खाते, आणि सगळे फिरावयास गेले असता मागे भांडी आवरीत राहते. स्वयंपाक हेच तिचे चालणे, अशी घराची समजूत असते. ज्या घरात मुलगा भाजी निवडतो, नवरा ताटे उचलतो आणि मग सगळेच एकदम उंबरठा ओलांडतात, त्या घराचे पथ्य टिकते. कुटुंबाच्या आरोग्याची परीक्षा आजाऱ्याच्या ताटाइतकीच, सर्वांत शेवटी वाढल्या जाणाऱ्या ताटावरूनही करावी.