पायाखालचा पत्रा



आज मी दोन गाड्यांविषयी बोलणार आहे. एक आमची जुनी फियाट आणि दुसरी तिच्या जागी आलेली गाडी. दुसरीही जुनीच, पण निगुतीनं वापरलेली. नवी गाडी घेतल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. जुनी देऊन जुनीच घेतली, असं सांगायला माणूस जरा लाजतो. मीही लाजत होतो.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, पण कोल्हापूरकरांच्या तोंडी ती कायम फियाटच राहिली. वडिलांनी ती १९८७ मध्ये घेतली. त्या काळी गाडीसाठी पैसे भरून वाट पाहावी लागे. आली त्या दिवशी आधी अंबाबाईचं दर्शन, मग गल्लीत पेढे. २००३ मध्ये वडील गेले आणि गाडी माझ्या हाती आली. मी काय करायचो? दर रविवारी वरून धुवायचो, पॉलिश करायचो, वेळेवर ऑईल बदलायचो. गाडी चकचकीत होती. आणखी काय पाहिजे, असं मला वाटायचं.

आई पुढं डाव्या बाजूला बसायची. २०१० च्या पावसाळ्यात ती एकदा म्हणाली, "पायाखाली ओलं लागतंय रे." मी म्हटलं, "आई, तुझ्या चपलांचंच पाणी असेल." पुढच्या पावसाळ्यातही ती तेच म्हणाली आणि मीही तेच उत्तर दिलं.

२०११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गगनबावड्याकडं निघालो होतो. कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या पुढं जातो. कळ्याच्या पुढं मागचं चाक पंक्चर झालं. धो-धो पाऊस आणि आईचे गुडघे दुखणारे, म्हणून तिला आतच बसू दिलं. जॅक लावून फिरवू लागलो. गाडी काही उचलेना. कुरकुर आवाज झाला, जॅकचं टोक सरळ आत गेलं आणि मूठभर तांबडा भुगा माझ्या हातावर पडला. मनात काहीतरी चमकलं. पुढचं दार उघडून आईच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं, त्याखालचा भिजका जाजमाचा थर उचलला. खाली ताटलीएवढं भोक आणि भोकातून रस्ता दिसत होता. आई काही बोलली नाही. पाय तेवढे वर घेतले.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी गाडी वर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं खालून टोचत गेले. जिथं टोचावं तिथं तो आत जाई. म्हणाले, "साहेब, इंजिनाला अजून धा वर्सं काय हुईत न्हाई. पर ते बसवायचं कशात? पत्रंच ऱ्हायलं न्हाई."

उद्यमनगर म्हणजे कुठलाही पार्ट घडवून देणारी जागा. म्हणून मी म्हटलं, "पॅच मारून घ्या की." तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. ट्रकला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर सगळा भार असतो. अशा मोटारीला ती नसते. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या हाच तिचा कणा. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्डिंगनं धरत नाही, शेजारचाच जळून जातो. वरून लांबी भरून रंग मारला तर गाडी विकता येईल, पण कुणाला तरी फसवून.

हे झालं कसं? २००५ च्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जयंती नाल्याचं पाणी शिरलं होतं. गाडी दोन दिवस पाण्यात उभी. पाणी ओसरल्यावर मी इंजिन उघडून घेतलं, सीट उन्हात वाळवल्या. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत गेलेला गाळ मात्र तसाच राहिला. गाळ ओल धरून ठेवतो. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजलेली. वर मी ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालत होतो. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की आणखी काही लागत नाही. सहा वर्षं मी गाडीला वरून चमकवत होतो आणि खालून ती जात होती.

गाडी म्हातारी झाली म्हणून गंजली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण आपल्याच गावात, दसऱ्याला, दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते. ती १९३० च्या दशकातली. तिला बघायला आपण गर्दी करतो. तेव्हा वयाचं कारण काही खरं नव्हे.

पुढं आई घरात पडली आणि चाकाची खुर्ची आली. खुर्ची मावेल, मागचं दार वर उघडेल अशी गाडी हवी होती. बजेट बेताचं. मेस्त्रींनीच इंडिगो मरिना सुचवली. आपल्याकडं सेडानला डिकी हवी, नाहीतर जीपसारखी उंच गाडी हवी. मधली लांबट स्टेशन वॅगन लोकांना रुग्णवाहिकेसारखी वाटते. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट काढली, २००४ मध्ये मरिना, तरी अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर कमीच दिसल्या. त्यामुळं जुन्या बाजारात स्वस्त. मी वॅगन घेतोय म्हटल्यावर जो तो "वॅगन-आर का?" असं विचारायचा, ते वेगळंच.

चार गाड्या पाहिल्या. मेस्त्री खिशात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवायचे. पत्र्याला ते चिकटतं, लांबीला नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचे, कारण पुराचा गाळ त्याच्या शेवटच्या टोकाला राहतो आणि तिथं कुणी धूत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर ही खूण आपल्या भागात प्रत्येकानं लक्षात ठेवावी.

पाचवी गाडी राजारामपुरीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. २००५ ची. एक वही पुढं ठेवली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती रुपये, सगळं एकाच अक्षरात. मी किमतीचं बोलायला लागलो, तर त्यांनी मलाच विचारलं, "तुमची आधीची गाडी का गेली?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण खरं ते सांगितलं, आईच्या पायासकट. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मी तुम्हाला का द्यावी?"

मला उत्तर सुचेना. "काका, आता खाली वाकून बघेन," एवढंच म्हणालो. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि मला खरंच गाडीखाली झोपवलं. कुठं गाळ साठतो, कुठं रंगाला फुगवटा आला की समजायचं, दाराच्या भोकात खराट्याची काडी कशी फिरवायची, सगळं दाखवलं. व्यवहार त्यानंतर पाच मिनिटांत झाला. घासाघीस मी केलीच नाही. माझ्या बायकोला ते अजून पटलेलं नाही.

कागदांचंही सांगतो, कारण इथं पुष्कळजण फसतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चालत नाही, आरटीओत नाव बदलून झालं पाहिजे. गाडी विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्यावरचं नावही लगेच बदलून घ्यावं.

फियाट मोडीत दिली. आता २०२१ च्या धोरणाप्रमाणं नोंदणीकृत केंद्रं आहेत, तिथं प्रमाणपत्र मिळतं. तेव्हा भंगारवाला आला. चांगली गिऱ्हाइकं फोन करत होती, इंजिनाचा आवाज ऐकून हुरळत होती. पण त्या भोकावर दुसऱ्या कुणाची आई बसली असती. वडिलांची गाडी ट्रकवर चढताना मी घरात गेलो. आई मात्र खिडकीत बसून राहिली.

मरिनाला २०२० मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं. आईची खुर्ची मागं न दुमडता बसायची. पहिल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा गगनबावड्याला गेलो. कळं ओलांडल्यावर मी विचारलं, "आई, पायाखाली?" तिनं चप्पल काढून पाऊल मॅटवर टेकवलं, थोडं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "कोरडं आहे. तू पुढं बघ."

काकांचा फोन अजूनही मृगाच्या आधी येतो. नमस्कार-चमत्कार नाही. "काडी फिरवली का?" एवढंच विचारतात.